पोरं सोबत बसतच नाहीत, मॅडम

कापसाची वेचणी उरकत आली की दारव्ह्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार हमखास येते. हाताला जरा उसंत मिळालेली असते आणि बाप घरात पाहतो, तर जो तो आपापल्या मोबाईलमध्ये. "आमच्या लहानपणी असं नव्हतं जी."

असंच एक जोडपं आलं होतं. त्यांचं नाव-गाव सांगत नाही. 26 जानेवारीला या गृहस्थांनी सगळ्यांना उठवून, पोहे करायला लावून, परेड पाहायला बसवलं होतं. दहा मिनिटांत मुलगी उठून गेली. मुलानं कानात इअरफोन घातले. बापानं मोबाईल हिसकावला आणि अबोला सुरू झाला.

"आमच्या घरी अर्धं गाव बसे. हे घरचे असून बसत नाही."

त्यांच्या घरी टीव्ही आला तो रामायणासाठी. 25 जानेवारी 1987, रविवार, पहिला भाग. दुसऱ्याच दिवशी परेड. तेव्हापासून दरवर्षी शाळेचं झेंडावंदन आटोपलं की सगळे ओसरीवर. ते सांगत होते आणि डोळे चमकत होते. चित्ररथ, हत्तीवरून येणारी शूर मुलं, मोटारसायकलवर मनोरा करणारे जवान.

पडदा मोठा की छोटा, या वादात मी सहसा पडत नाही. घरात कोण कुठे बसतं आणि कोण कुणाला हाक मारतं, हे मी आधी विचारते. बरीच गाठ तिथेच सापडते, असा माझा अनुभव आहे.

"तुम्ही कुठे बसत होता?"

ते थांबले. "मी... मी बसोच नाही जी. मी आंगणात. अँटेनाचा पाईप धरून."

"म्हणजे परेड पाहिली नाही?"

"मोटारसायकलवाले आले की पळत येऊन पाहो. बाकी नुसता आवाज. पडद्यावर मुंग्या आल्या की बाप आतून ओरडे, 'फिरव बे! अजून. थांब, आलं! आता हालू नको.' मंग मी तसाच उभा राहो." मग बराच वेळ गप्प. "एरवी बाप माह्याशी बोलेच नाही, मॅडम."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला गप्प राहता आलं पाहिजे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. हा माणूस इतकी वर्षं परेडसाठी झुरत होता असं त्याला वाटत होतं. खरं तर वर्षातून एका सकाळी त्याच्यावाचून बापाचं अडत होतं.

अशा पालकांना मी स्पष्ट सांगते. एकच वाहिनी होती म्हणून सगळे एकत्र होते, त्यात कुणाचे संस्कार नव्हते. ते दिवस मुलांवर लादू नका. ज्याच्यावाचून घरचं खरंच अडेल असं काम त्यांच्या हाती द्या. लुटुपुटूचं काम मुलं लगेच ओळखतात. आणि काम दिल्यावर डोक्यावर उभे राहू नका, ही गोष्ट बापांना सर्वात जड जाते. या गृहस्थांनी तूर विकायला नेताना मुलाला बाजार समितीत सोबत नेलं. काटा पाहणं, पावती सांभाळणं त्याच्याकडे. परतताना दोघं बोलत आले.

निघताना बायको म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी ती परेड एकदाही पाहिली नाही. अर्ध्या गावाचा चहा कोण करे?" त्या आठवणीतला हा कोपरा त्यांना कधी दिसलाच नव्हता. मलाही तो त्यांच्या बायकोनंच दाखवला.

पुढच्या 26 जानेवारीला त्यांचा फोन आला. मुलगा फक्त मोटारसायकलवाल्यांपुरता आला नि गेला, हे चालेल का?

"तुम्ही तरी दुसरं काय करत होता?" मी म्हटलं.

ते हसले. बायको मात्र शेवटची विमानं जाईपर्यंत उठली नाही म्हणे, आणि दुसरा चहाही त्यांनाच करावा लागला.