ब्रिटिश वनस्पती-पर्यावरणशास्त्रज्ञ टोनी ब्रॅडशॉ कशासाठी ओळखले जातात?

एका वाक्यात सांगायचं तर, खाणीच्या विषारी मातीवर तगणाऱ्या गवतासाठी.

ब्रॅडशॉ (१९२६–२००८) आधी वेल्समधल्या बँगोरला होते, १९६८ पासून लिव्हरपूल विद्यापीठात प्राध्यापक. वेल्समधल्या तांबं, शिसं, जस्ताच्या जुन्या खाणींचे ढिगारे बहुतेक उजाडच. पण त्यावर कुरणातलंच साधं ॲग्रॉस्टिस गवत कुठे कुठे तग धरून असतं. ते तपासायची रीत किती सोपी बघा: गवताचे फुटवे धातू मिसळलेल्या पाण्यात ठेवायचे आणि फुटलेली मुळं मोजायची. कुरणातल्या गवताची मुळं खुंटतात, खाणीवरच्याची वाढत राहतात. आणि ही दोन्ही गवतं एकमेकांपासून काही मीटरवर! मधून वाऱ्याने परागकण येत-जात असूनही फरक टिकतो, इतकी नैसर्गिक निवड कडक. जस्ताचा मुलामा दिलेल्या विजेच्या मनोऱ्यांखाली तर काही दशकांतच असं गवत तयार झालेलं सापडलं. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचंच काम, हा समज इथे मोडतो. मला हे त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं.

पुढे अशाच धातू सहन करणाऱ्या गवतांतून 'मर्लिन'सारखे (हा फेस्क्यू नावाच्या दुसऱ्या गवताचा) वाण निघाले, खाणीचे ढिगारे हिरवे करायला. कॉर्नवॉलच्या चिनीमातीच्या ढिगाऱ्यांवर मात्र अडचण विषाची नव्हती, नायट्रोजनच्या तुटवड्याची होती; तिथे क्लोव्हरसारख्या शेंगवर्गीय वनस्पती कामी आल्या.