संक्रांतीपर्यंतच टिकणारा संकल्प

प्रश्न : दर 1 जानेवारीला तंबाखू सोडतो, संक्रांतीला पुन्हा पुडी खिशात. काय चुकतं? (एक वाचक, परभणी)

उत्तर : कमी पडते ती तयारी, मन नव्हे. निकोटीन बंद झालं की चिडचिड, झोपमोड पहिले 2-3 दिवस सर्वाधिक असते. 2 ते 4 आठवड्यांत ओसरते. म्हणजे तुम्ही अगदी उतारावर येऊन हरता! आधी आठवडाभर प्रत्येक चिमटीची वेळ लिहा. चहानंतर? रानात? टपरीवर? मग वेळेगणिक पर्याय ठरवा : चहा झाला की लगेच चूळ भरून बडीशेप तोंडात. तलफ बहुधा काही मिनिटांचीच असते. घरातली पुडी, चुन्याची डबी दोन्ही टाका. पाहुण्यांसाठीही ठेवू नका. एकदा खाल्लीच, तर पुढची चिमूट टाळा. मोफत समुपदेशन : 1800-11-2356.