रुजू होताच सुधारणा काढू नका

शाळेत नव्याने रुजू झालात, उत्साह आहे, छानच. पण पहिले पंधरा दिवस काही सुचवू नका, नुसतं फिरा. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी उभे राहा. पुण्यातल्या पेठेतल्या आमच्या शाळेत आम्ही मोठी माणसं वाचनकोपरा कसा सजवायचा यावर तासन्‌तास बोलत होतो, आणि पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पहिलीच्या पोरांचा हात नळाला पोचतच नाही." खरंच पोचत नव्हता. विटांची एक पायरी बांधली, एका दुपारचं काम! मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटल्याचंही मुलींनीच सांगितलं. तोवर त्या दिवसभर पाणीच कमी प्यायच्या.

मोठ्या कामांसाठी शाळा व्यवस्थापन समिती धरा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळा विकास आराखडाही तीच करते. बैठक मात्र धुण्याभांड्याची कामं करून येणाऱ्या आयांना जमेल अशा वेळी ठेवा. नाहीतर नुसत्या सह्याच गोळा होतात (आम्हीही केल्यात, खोटं कशाला बोलू).

शिपाईमामांना विसरू नका. कुठलं छत कधी गळतं, हे मुख्याध्यापकांच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

सूचनापेटी लावणार असाल, तर दर शनिवारी मुलांसमोर उघडा. आमची वर्षभराने उघडली, तेव्हा आत चॉकलेटचे कागद निघाले.