सारखी पाव्हणीच का म्हणतात मला?

«ताई, मी 38 वर्षांची, आयटीत आहे, वाकडला अकराव्या मजल्यावर राहते. आम्हाला गाव असं नाहीच, आजोबासुद्धा गिरगावच्या चाळीत वाढले. दोन वर्षं बाल्कनीत भाज्या लावतेय आणि मुळशीतल्या एका काकूंच्या भाताच्या खाचरात लावणीला आणि कापणीला जाते. तिथं गेलं की आपलं कुणीतरी आहे असं वाटतं. पण तिथल्या बायका मला ‘पाव्हणी’ म्हणतात आणि हसतात. नवरा म्हणतो, तीन हजारांची माती आणि पाव किलो भेंडी. दुधीला फुलं ढीगभर, धरत एकही नाही. सगळं खोटं खोटं वाटायला लागलंय. नोकरी सोडून अर्धा एकर घेऊ का? – पाव्हणी»

अगं पाव्हणे,

आधी दुधीचं बघू, ते सोपंय. दुधीची पांढरी फुलं उमलतात संध्याकाळी आणि त्यावर येतात रात्रीचे पतंग, ते बिचारे अकराव्या मजल्यापर्यंत कशाला चढतील. तर ऑफिसातून आलीस की गॅसवर चहा ठेव आणि बाल्कनीत जा. ज्या फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी दिसेल ती मादी, ज्याला नुसताच लांब देठ तो नर. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि आतला पराग मादीच्या मधोमध हलक्या हाताने टेकवायचा, बस. माझेही सगळे कोवळे दुधी पिवळे पडून गळायचे आणि मी खताला दोष देत बसले होते, वर कुंड्यांचं पाणी झिरपतं म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकांशी भांडण झालं ते वेगळंच.

आता अर्धा एकर. 1948 च्या कुळकायद्यात 63 वं कलम आहे, त्यानुसार आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तुझं ना गाव ना सातबारा. तेव्हा कुणी ‘फार्म प्लॉट आहे मॅडम, काही टेन्शन नाही’ म्हणाला तर तिथून निघ. आणि नोकरी अजिबात सोडू नकोस, काकूंना विचार, त्यांच्याच घरातलं कुणीतरी पिरंगुटला कंपनीत जात असेल म्हणून तर खाचर चालतंय.

खरं दुखणं वेगळंय. तुझ्या पत्रात लावणी आहे, कापणी आहे, मधलं काहीच नाही. बेणणी कुठाय? कंबरेत वाकून तण उपटायचं, पाठीवर पाऊस, पायाला चिखल्या झालेल्या, तेव्हा ना गाणी असतात ना कुणाला फोटो काढावासा वाटतो. बायका हसतात ते बहुतेक यालाच हसतात गं, त्यात वाईट काही नाही, सणाला येणाऱ्या माणसाला पाव्हणाच म्हणतात. एकदा ऑगस्टमध्ये न सांगता जा आणि दुपारपर्यंत नुसती बेण.

दुसरं म्हणजे सावड. त्या भागात अजून हा शब्द आहे, आज सगळ्या माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. तू दोन वर्षं त्यांच्याकडे राबलीस पण त्या तुझ्याकडे कधी आल्या? तुझ्याकडे खाचर नाही म्हणून सावड फिटत नाही आणि मला वाटतं तेच तुला टोचतंय. पण तू आयटीतली आहेस ना? पावसाळ्यात ई-पीक पाहणी असते, मोबाइलवरून पिकाची नोंद करायची, बांधावर उभं राहून फोटो टाकायचा, रेंज जाते, ओटीपी येत नाही, आणि नोंद राहिली की पुढे नुकसानभरपाईला अडचण. काकूंच्या आणि शेजारणींच्या फोनवर बसून ते करून दे. दिवाळीनंतर त्यांचा इंद्रायणी तांदूळ तुझ्या सोसायटीत खपव, काकू सांगतील त्या भावाने, घासाघीस करायची नाही आणि पैसे त्याच दिवशी पोचते करायचे. मग बघ, ‘पाव्हणे, जरा तो विळा आण’ अशी कामं सांगायला लागतात की नाही.

नवऱ्याचं मनावर घेऊ नकोस. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने लावलेलं तेवढंच. ती भाजी कर, तुझ्या कुंडीतला अळू, लाल माठ, वरून ती पाव किलो भेंडी, एखादं मक्याचं कणीस तुकडे करून आणि आंबटपणाला चिंच. त्या भाजीला पाव किलो भेंडी पुरून उरते हे त्याला वाढताना सांग.

आणि दुधी धरला की पहिला काकूंकडे घेऊन जा. त्यांच्या मांडवावर दहा लटकत असतील, तरी ने.

– तुझी ताई