चोर, भिकारी आणि बँक

प्रश्न : पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ हे नाटक मी पाहिले आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या जर्मन नाटकावर बोलपटही निघाला आणि नाटककारानेच त्याविरुद्ध खटला भरला, असे ऐकले. दिग्दर्शकाने नेमके काय बिघडवले होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : खटला उभा राहिला तो १९३० साली, म्हणजे चित्रपट पडद्यावर येण्याआधीच. १९२८ मध्ये बर्लिनच्या रंगभूमीवर गाजलेल्या या ‘द्रायग्रोशेनओपर’ (इंग्रजीत ‘थ्रीपेनी ऑपेरा’) नावाच्या संगीत नाटकाचे हक्क विकल्यानंतर नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त याने चित्रपटासाठी नवा, राजकीयदृष्ट्या अधिक जहाल आराखडा लिहिला आणि निर्मात्यांना तो मानवला नाही. पटकथेच्या कामातून ब्रेख्त स्वतःच बाहेर पडला, असे मानून न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. संगीतकार कुर्ट वाइल याच्या बाजूने मात्र निकाल लागला. पुढे दोघांनीही तडजोड केली.

गेओर्ग विल्हेल्म पाब्स्ट याने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट फेब्रुवारी १९३१ मध्ये प्रदर्शित झाला. नाटकातली बरीच गाणी त्यात गळली आहेत, हे खरे. पण जे उरले, त्याची जागा पाब्स्टने विचारपूर्वक ठरवली आहे. चाचेगिरीचे सूडगीत रंगमंचावर नववधू पॉली आपल्या लग्नात गाते. चित्रपटात ते वेश्या जेनीच्या तोंडी येते. तिचा प्रियकर, दरोडेखोरांचा म्होरक्या मॅकी, पॉलीशी लग्न करून बसलेला, आणि जेनीच्या भूमिकेतली लोटे लेन्या फारशी हालचाल न करता, जवळजवळ निर्विकार चेहऱ्याने गात राहते. लग्नातली गंमत इथे खरा संताप होऊन बसते, आणि मला तरी हा बदल मूळ योजनेपेक्षा सरस वाटतो.

शेवटाबद्दल तर ब्रेख्तच्या तक्रारीला फारसा आधार उरत नाही. नाटकात राणीचा माफीनामा घेऊन स्वार येतो. चित्रपटात दरोडेखोरांची टोळी रीतसर बँक उघडते, आणि मॅकी, पोलीसप्रमुख ब्राउन व भिकाऱ्यांचा मुकादम पीचम तिथे भागीदार होतात. चोरांनी बँक ताब्यात घेण्याची ही कल्पना ब्रेख्तच्याच नाकारलेल्या आराखड्यातली होती! भिकाऱ्यांचा जथा मात्र, रस्त्यावरचा गायक गात असताना, अंधारात विरून जातो.

१९३३ मध्ये नाझींनी चित्रपटावर बंदी घातली. डबिंग तेव्हा बाल्यावस्थेत असल्यामुळे त्याच सेटवर वेगळे नट घेऊन फ्रेंच आवृत्तीही चित्रित झाली होती. आपण पाहाल ती लेन्याची, म्हणजे जर्मन आवृत्तीच पाहावी.