तक्ता माझा, आकडे कुणाचे?

प्रश्न : जुन्या कॅमेरा-लेन्सचे अनुक्रमांक आणि त्यांची उत्पादनवर्षं जुळवून केलेला माझा तक्ता एका छंदिष्टाने नाव न देता स्वतःच्या यादीत घेतला. नक्कल पकडता यावी म्हणून मी त्यात तीन खोटे क्रमांक पेरले होते, तेही तिथे आहेत. हा कॉपीराइटचा भंग ठरतो का?

उत्तर : नुसते आकडे उचलले असतील, तर बहुतेक देशांत नाही. अमुक क्रमांकाची लेन्स अमुक साली बनली ही वस्तुस्थिती आहे. ती शोधायला कितीही वर्षं लागोत, शोधणारा तिचा मालक होत नाही. अमेरिकेत टेलिफोन डिरेक्टरीवरून झालेल्या ‘फाइस्ट विरुद्ध रूरल’ या खटल्याचा निकाल १९९१ साली लागला. फाइस्ट कंपनीने रूरल कंपनीच्या डिरेक्टरीतल्या नोंदी स्वतःच्या डिरेक्टरीत उतरवल्या होत्या. त्या नकलेत रूरलने मुद्दाम पेरलेल्या चार खोट्या नोंदीही सापडल्या. नक्कल झाली यात शंकाच नव्हती, तरीही रूरल हरली, कारण वर्णानुक्रमे लावलेल्या नाव-नंबरांत स्वतंत्र निर्मिती नव्हती. तेव्हा खोट्या क्रमांकांनी नक्कल सिद्ध होईल, हक्क नव्हे. उलट ते खोटे आकडे आता दोन ठिकाणी खरे म्हणून वाचले जाताहेत. ते आजच काढा आणि त्या छंदिष्टालाही कळवा.

तुमचं लेखन, तुम्ही काढलेली छायाचित्रं, आकृत्या मात्र संरक्षित आहेत. नोंदींची निवड किंवा मांडणी खरोखर तुमच्या कल्पकतेची असेल, तर तीही. युरोपीय संघात १९९६च्या निर्देशानुसार, मोठी गुंतवणूक करून उभारलेल्या डेटाबेसवर तिथल्या निर्मात्यांना १५ वर्षांचा वेगळा हक्क मिळतो. त्यातला मोठा भाग विनापरवानगी उचलता येत नाही.

तक्त्याखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (श्रेय देण्यासारख्या अटींवर इतरांना वापराची मोकळीक देणारा तयार परवाना) लावून हे सुटेल, असं अनेकांना वाटतं. पण जिथे मुळात हक्कच नाही तिथे परवान्याची अटही लागू होत नाही. त्यापेक्षा ‘या तक्त्याचा उल्लेख असा करावा’ अशी तयार ओळ खाली देऊन ठेवा. ती जशीच्या तशी उचलता येत असेल, तर भली माणसं उचलतात.

प्रश्न : कायदा मागत नसेल तर श्रेय द्यायचंच कशाला? आणि कसं?

उत्तर : सौजन्य म्हणून तर द्यायचंच, पण त्याहून मोठं कारण पडताळणीचं आहे. एकाने १९५६चं १९६५ केलं, चौघांनी ते नाव न देता उतरवलं, की नवख्याला पाच स्वतंत्र पुरावे दिसतात. मुळात असतो एकच, तोही चुकीचा. ‘सौजन्य : इंटरनेट’ लिहून ही साखळी सापडत नाही. ज्याने माहिती दिली त्याचं नाव किंवा टोपणनाव त्याने वापरलं तसंच लिहा. पानाचं शीर्षक, दुवा आणि तुम्ही ते पाहिल्याची तारीख द्या. नेमकं काय घेतलं आणि काय बदललं, तेही सांगा. त्याने आकडा लेन्सवरून वाचला की कारखान्याच्या पुस्तिकेतून घेतला, हे ठाऊक असेल तर अवश्य नोंदवा, कारण दोन्हींची विश्वासार्हता वेगळी असते. छंदिष्टांची पानं अचानक नाहीशी होतात, म्हणून त्या दिवशीची प्रत इंटरनेट अर्काइव्ह या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून तिचाही दुवा जोडा.

प्रश्न : नाव दिलं तर फोटोही वापरता येईल ना?

उत्तर : नाही. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. फोटोसाठी विचारा आणि होकार लेखी घ्या.