मुलगी मोजणीदार होणार म्हणते!

"मुलगी हुशार आहे, मार्कही चांगले आहेत, आणि म्हणते कम्युनिटी कॉलेजात जाऊन लँड सर्व्हेइंग शिकणार. आम्ही काय करायचं?"

मी करिअर समुपदेशन करते, आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी आईवडिलांकडून हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कधी सर्व्हेइंगच्या जागी वेल्डिंग असतं, कधी अग्निशमन, कधी विमानांची दुरुस्ती. पहिला भाग मात्र तोच: हुशार आहे. म्हणजे हुशार नसती तर चाललं असतं! हे त्यांच्या लक्षात आणून दिलं की पालक थोडे ओशाळतात आणि मग खरं बोलायला लागतात.

ईशाचं उदाहरण सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि तिला विचारूनच लिहिते आहे. कुटुंब रँचो कुकामोंगाचं. वडील सांगलीकडचे, शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं, नोकरी आयुष्यभर सॉफ्टवेअरमध्ये. आई अकाउंट्समध्ये. मुलगी बारावीला, हातात एका विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्सचा प्रवेश. आणि ती म्हणत होती की तो नको.

पहिल्या भेटीत वडीलच बोलले. "मॅडम, आमच्या गावाकडे बांधाचा वाद पंधरा वर्षं चालला. मोजणीवाला आला, सकाळचा चहा आमच्याकडे, दुपारचं जेवण समोरच्याकडे, आणि हद्द सरकली आमच्या उसात. ते काम करायला ही पोरगी अमेरिकेत वाढली का?" आई इतका वेळ गप्प होती. तिने एकच वाक्य टाकलं: "लोकांना सांगायचं काय?"

मला हे वाक्य आवडलं. बहुतेक पालक तेच 'करिअरच्या संधी' वगैरे कागदात गुंडाळून आणतात.

ईशाशी मी वेगळं बोलले. सांता अ‍ॅना वाऱ्यात, म्हणजे इथल्या जोरदार कोरड्या वाऱ्यात, त्यांच्या शेजाऱ्यांची जुनी विटांची भिंत पडली होती. नवी कुठे बांधायची यावर दोन घरांत कुरबुर झाली, म्हणून सर्व्हेयर बोलावला. ईशा फुटपाथवर बसून बघत होती. त्या माणसाने पडलेल्या भिंतीकडे फारसं पाहिलंच नाही. तो रस्त्याच्या मध्यभागी डांबरात काहीतरी शोधत होता. एक जुना खिळा होता, त्यावर पितळेची टिकली: आधीच्या मोजणीची खूण. मग काउंटीच्या दप्तरातले जुने नकाशे, मग मोजमाप, आणि शेवटी त्याने कोपऱ्यात स्वतःच्या लायसन्सचा नंबर असलेली टिकली ठोकली. ईशाने विचारलं, भिंत होती तिथेच हद्द नव्हती का? तो म्हणाला, भिंत हा एक पुरावा आहे, उत्तर नाही.

तिथून पोरीने वाचायला सुरुवात केली. मला तिने न थांबता अर्धा तास सांगितलं की अमेरिकेत अलीकडेपर्यंत दोन वेगवेगळे फूट वापरात होते, त्यांच्यात दहा लाखाला दोन एवढाच फरक आहे, जुना 'सर्व्हे फूट' २०२२ अखेर अधिकृत वापरातून काढला, पण दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नकाशांवर बिंदूची जागा सांगणारे आकडे साठ लाख फुटांच्या घरात असल्यामुळे चुकीचा फूट धरला तर बिंदू बारा फूट सरकतो. "काकू, बारा फूट म्हणजे अख्खा बेडरूम!"

माझ्या मते हीच खरी चाचणी. मला मोकळ्या हवेत काम करायचं आहे, ड्रोन उडवायला आवडतं, असं सांगणारी मुलं या क्षेत्रात रमतीलच असं नाही. हवा मोकळी असते खरी, पण कामाचा गाभा जुने कागद, त्रिकोणमिती आणि चिकाटी हा आहे. ज्याला जुन्या दस्तातली विसंगती शोधताना मजा येते, तो टिकतो. मुलगी कॉम्प्युटर सायन्सपासून पळत नव्हती, हे मला त्या अर्ध्या तासात दिसलं. पळणाऱ्या मुलांना कुठे जायचं याचे तपशील माहीत नसतात.

पालकांच्या डोक्यात दोन चिंता एकमेकींत गुंतल्या होत्या, कॉलेजची आणि व्यवसायाची. कॉलेजची आधी सोडवली, कारण ती सोपी.

सर्व्हेइंगमध्ये माणसाची किंमत ठरते ती लायसन्सवर. हद्दीचा नकाशा कोणाच्या सहीने काउंटीकडे नोंदवता येतो, तर परवानाधारक सर्व्हेयरच्या. आणि कॅलिफोर्नियात त्या परवान्यासाठी पदवी सक्तीची नाही. ढोबळ हिशेब असा: सर्व्हेइंगची चार वर्षांची पदवी असेल तर दोन वर्षांचा अनुभव, नसेल तर सहा वर्षांचा. दोन्ही रस्त्यांवर किमान एक वर्ष मैदानात आणि एक वर्ष ऑफिसात जबाबदारीचं काम केलेलं असावं लागतं. त्याआधी 'सर्व्हेयर-इन-ट्रेनिंग'ची पायरी असते. तिच्यासाठी दोन वर्षांचं शिक्षण किंवा तेवढा अनुभव, आणि देशभर एकच असलेली मूलभूत परीक्षा. शेवटी राष्ट्रीय पातळीची व्यावसायिक परीक्षा आणि कॅलिफोर्नियाची स्वतंत्र परीक्षा. या रस्त्यात कुठेही कॉलेजचं नाव विचारलं जात नाही.

वडिलांचा इंजिनिअर जागा झाला. "पण सिव्हिल इंजिनिअर हे करूच शकतो की!" मी म्हटलं, तुमच्या काळापुरतं पाहिलं तरी नाही. कॅलिफोर्नियात १९८२ च्या आधी नोंदणी झालेल्या सिव्हिल इंजिनिअरलाच हद्द मोजायचा अधिकार आहे. त्यानंतरच्यांना सर्व्हेयरचं वेगळं लायसन्स काढावं लागतं. मोठा पूल उभारणारा इंजिनिअरसुद्धा पुलाखालची जमीन कोणाची हे स्वतःच्या सहीने सांगू शकत नाही. हे त्यांना नवीन होतं. ते चष्मा काढून पुसत बसले.

मग पैसे. ऑरेंजमधल्या सँटियागो कॅनियन कॉलेजात सर्व्हे आणि मॅपिंगचा अभ्यासक्रम आहे. राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर. दोन वर्षांच्या पदवीची साठ युनिट धरली तर २,७६० डॉलर. पुस्तकं, गाडी, पेट्रोल वेगळं. आई अकाउंट्सवाली. तिने मनातल्या मनात विद्यापीठाच्या आकड्याशी ताळा केला असणार, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

आपल्याकडे 'कम्युनिटी कॉलेज' ऐकलं की ज्यांना कुठेच मिळालं नाही ते तिथे, अशी समजूत आहे. सर्व्हेइंगच्या वर्गात तुमच्या मुलीच्या शेजारी दहा वर्षं क्रूवर, म्हणजे मैदानातल्या मोजणीच्या तुकडीत, रॉड (मोजणीची काठी) धरलेला माणूस बसलेला असू शकतो. त्याला लायसन्स हवं असतं, म्हणून तो दिवसभराच्या कामानंतर येतो. जुनी खूण कशी उकरायची हे त्याला शिक्षकाइतकं कळतं. अठराव्या वर्षी असे सहाध्यायी विद्यापीठाच्या वसतिगृहात मिळत नाहीत. उलट बाजूही सांगते: तिथे समवयस्कांची संगत कमी, कँपसचं आयुष्य जवळजवळ नाही, आणि एकटं वाटू शकतं. ईशाला ते वाटलं. पहिल्या सत्रात तिच्या मैत्रिणींचे फोटो पाहून ती बऱ्यापैकी उदास होती.

एक अट मात्र मी घातली. गणित आणि भौतिकशास्त्राचे विषय असे घ्यायचे, की पुढे चार वर्षांच्या पदवीत ते मोजले जातील. फ्रेस्नोच्या स्टेट युनिव्हर्सिटीत जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगची, म्हणजे सर्व्हेइंग आणि मॅपिंगचीच, पदवी आहे. ते दार उघडं ठेवायचं. कारण परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे असतात आणि काही राज्यांना पदवी लागतेच. आज कॅलिफोर्नियात चाललं म्हणून उद्या लग्न होऊन किंवा नोकरीसाठी दुसरीकडे गेल्यावर चालेल असं नाही. ही गोष्ट कॉलेजचे सल्लागार नेहमी आपणहून सांगत नाहीत. विचारावी लागते.

आणखी एक, हे ईशाच्या घरी लागू नव्हतं, त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं. पण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी लागू असेल. मूल एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्या पालकावर अवलंबून असलेल्याच्या व्हिसावर, असेल तर त्याला पगारी काम करता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो दर्जाही जातो. ज्या व्यवसायात परवानाच अनुभवावर मिळतो, तिथे ही अडचण साधी नाही. अशा कुटुंबांनी कॉलेज निवडण्याआधी इमिग्रेशन वकिलाकडे जावं, माझ्याकडे नंतर यावं.

आता आईची चिंता. ती दुसऱ्या भेटीत बोलली, आणि तिचा पहिला प्रश्न होता: "दिवसभर रस्त्यावर, तर बाथरूमचं काय?" वडील गडबडले. मला वाटतं संपूर्ण समुपदेशनात याहून नेमका प्रश्न कोणी विचारला नाही. सॅन बर्नार्डिनोकडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. बाजूने ट्रक जात असतात. डोंगरात रॅटलस्नेक असतात. क्रू दोन-तीन जणांचा, आणि त्यात बाई बहुधा एकटीच. हे सगळं खरं आहे आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

माझ्या ओळखीची एक बाई पार्टी चीफ आहे, म्हणजे क्रूची प्रमुख. तिच्याशी आईचं फोनवर बोलणं करून दिलं. मी मध्ये पडले नाही. त्या बाईने काय सांगितलं ते आईने मला नंतर ऐकवलं: मोठ्या बांधकामावर सोय असते, गल्लीबोळातल्या कामावर ती आपण सकाळीच हेरून ठेवायची. नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न सरळ विचारायचा आणि समोरचा हसला तर ती नोकरी घ्यायची नाही. सरकारी कामांवर क्रूचे पगार राज्याने ठरवलेल्या दरांनी मिळतात, तिथे बाई म्हणून कमी देता येत नाही. आईला हा शेवटचा मुद्दा फार पटला. तिच्या स्वतःच्या ऑफिसात काय चालतं हे ती बोलली नाही, पण आवाजावरून कळलं.

ड्रोन आणि एआयमुळे हे काम राहील का, हे वडिलांनी विचारलंच. ते सॉफ्टवेअरमध्ये, त्यांच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी होत होती, त्यामुळे प्रश्न पोटातून आलेला होता. ड्रोन एका दुपारी लाखो बिंदू टिपतो, टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, आता एकटा माणूस चालवतो. साहजिकच रॉड धरणाऱ्यांची संख्या घटली आहे आणि घटेल. पण १८५० च्या दशकात साखळी ओढत गेलेल्या माणसाने कोपरा कुठे रोवला होता, आज तिथे काय उरलंय, आणि दस्तातलं अंतर व जमिनीवरची मूळ खूण जुळत नसतील तर काय मानायचं, हा निवाडा आहे. कायद्याचा कल असा, की मूळ खूण निःसंशय सापडली तर ती आकड्यांवर मात करते. हा निवाडा करून त्याखाली सही करणारा आणि चुकला तर कोर्टात उभा राहणारा माणूस लागतो. म्हणून मी ईशाला सांगितलं, रॉड धरण्यात रमू नकोस, लायसन्सपर्यंत जा.

तिसऱ्या भेटीला तिघंही आले. बोलता बोलता ईशा बाबांना म्हणाली, "तुम्ही रोज ज्या बेस लाइन रोडने जाता ना, त्याचं नाव असं का माहितीये?" १८५२ मध्ये हेन्री वॉशिंग्टन नावाच्या सर्व्हेयरने सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरावर आरंभबिंदू ठरवला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सरकारी जमिनींची मोजणी तिथून निघते, आणि त्या बिंदूतून जाणारी पूर्व-पश्चिम आधाररेषा म्हणजे बेस लाइन. वडील म्हणाले, मला वाटायचं कुठल्या तरी बेसबॉल मैदानावरून असेल.

मग साखळीचा विषय निघाला. इथली जुनी साखळी ६६ फुटांची, दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. वडिलांनी समोरचा रुमाल ओढला आणि पेनाने त्यावर गणित मांडलं. आपल्याकडची शेतमोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे इथली एक चौरस साखळी बरोबर चार गुंठे! एकर दोन्हीकडे ४३,५६० चौरस फूट. ईशाने विचारलं, मग तो आपला बांध किती साखळ्यांचा होता? त्यावर त्यांनी जी गोष्ट सुरू केली, ती माझ्या पुढच्या भेटीची वेळ झाली तरी संपली नव्हती. त्यांना जुनी टिपणं आणि फाळणी नकाशे तोंडपाठ होते. पंधरा वर्षं वाद घातलेला माणूस, होणारच.

विद्यापीठाचा प्रवेश सोडला. पहिल्या उन्हाळ्यात ईशाने एका छोट्या सर्व्हे कंपनीत काम केलं, आणि आता दिवसा क्रूवर, संध्याकाळी वर्गात असते. मोजमापातल्या चुकांचं समायोजन हा विषय तिला जड गेला. त्यासाठी वडिलांनी रात्री बसून स्वतः पुन्हा लीस्ट स्क्वेअर्स ही त्या समायोजनाची गणिती पद्धत वाचली. मूलभूत परीक्षेची तयारी चालू आहे. फ्रेस्नोला जायचं की इथेच अनुभवाची वर्षं भरायची, हे ठरलेलं नाही. कंपनीचा मालक थांब म्हणतो, कारण त्याचं वय झालंय आणि सही करणारं कोणीतरी त्याला तयार करायचं आहे. आईला फ्रेस्नोच हवं आहे, पदवीच्या फोटोसाठी तरी. माझं मतही फ्रेस्नोकडे झुकतं, पण कारण वेगळं: बाविसाव्या वर्षी सोडलेलं गणित तिसाव्या वर्षी परत धरणं अवघड जातं, आणि मालकाची निवृत्ती दोन वर्षं थांबू शकते. अर्जाची मुदत येण्याआधी तिघांना मी पुन्हा बोलावलं आहे.